फुकट पुस्तकाचे गायकवाड सर

मुलांनो, आमच्या शेजारचे गायकवाड सर दार उघडून "या" म्हणत नाहीत. "वाचलंत?" म्हणतात.

सर संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. आपलं पाठ्यपुस्तक त्यांनी इंटरनेटवर मोफत ठेवलंय. कुणीही डाउनलोड करावं, छापावं, शिकवताना हवं तसं बदलावं. "घ्या, वाटा, बदला!" हा त्यांचा मंत्र. तो लिफ्टमध्ये ऐकायचा आणि सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवर भांडण चालू असतानाही ऐकायचा. परवा माझा पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्यांनी मोबाइल काढायला लावला. तो बिचारा स्टुलावर उभा! मी म्हटलं, "सर, आधी त्याला खाली तरी उतरू द्या."

पुस्तक इंग्रजीत आणि मी इंग्रजीची जुनी शिक्षिका, म्हणून तपासण्याचं काम माझ्या गळ्यात. स्वल्पविराम हा प्रकार सरांना मान्यच नाही. मी लाल पेनाने पानं रंगवायची, त्यांनी "वा, वहिनी!" म्हणून घेऊन जायची. दरवर्षी नवी आवृत्ती, आणि दरवर्षी त्रेसष्टाव्या पानावर चार, सहा, आठ, दहा, बारा यांची सरासरी नऊ! अरे, आठ! तीन वर्षं मी तिथे लाल गोल काढतेय.

यंदा मात्र माझा तोल सुटला. "सर, मी डोळे फोडून तपासते ते काय गंमत म्हणून? एवढी सरासरी येत नाही तुम्हाला?"

"येते की." सर चष्मा पुसत बसले. "ती मुद्दाम ठेवलीय, वहिनी. वर्गात मी रोज फळ्यावर एक चूक करायचो आणि खडू ठेवून थांबायचो. कुणीतरी ओरडायचंच, 'सर, चुकलं!' मग पुढे शिकवायला हुरूप यायचा."

"आणि आता?"

"आता रोज कितीतरी जण पुस्तक घेतात. प्रत्येक पानाखाली माझा ईमेल आहे. तीन वर्षांत ओरडलात त्या फक्त तुम्ही."

मी रागावूनच म्हटलं, "त्रेसष्टाव्या पानापर्यंत पोचतंय कोण? चूक पहिल्या धड्यात घ्या." आणि त्याच लाल पेनाने मी स्वतः एक ठसठशीत चूक घालून दिली. जन्मात पहिल्यांदा.

पुस्तकाची लिंक सोबत पाठवतेय. चूक कुठे आहे ते सांगणार नाही. सापडली की मला कळवू नका, सरांना कळवा. आणि आजीने सांगितलं म्हणून लिहितोय, असं मुळीच लिहू नका.