सेतुरावांनी मिळवून दिलेली रजा

सेतुराव गुरुवारी गेले. मी तेव्हा रजेवर होते.

ती रजा त्यांनीच मला मिळवून दिली होती, म्हणून त्यांच्याबद्दल मीच लिहायला हवं.

वेस्ट मांबलममध्ये आमच्या वरच्या मजल्यावर ते एकटे राहत. तंजावरकडचे मराठी. सगळं आयुष्य रेल्वेच्या ऑफिसात, रजा विभागात गेलं. निवृत्त झाले ते विभाग घरी घेऊनच. दूधवाली आली नाही की, "विनापरवाना गैरहजर!" वीज गेली की, "हाफ डे." जिन्यात मांजर व्याली तेव्हा तिला हलवायला आलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला त्यांनी हात आडवा करून थांबवलं. "मॅटर्निटीवर हाय, सार." पुढे महिनाभर आम्ही सगळे मांजरीला ओलांडून जात होतो.

मला दिवस गेले तेव्हा मी ओरगडमच्या एका कारखान्यात यंत्रांची माहितीपुस्तकं लिहीत होते. पण मी कारखान्याची नोकर नव्हते, ठेकेदाराची होते. ठेकेदार गुणशेखर म्हणाला, "कॉन्ट्रॅक्टवाल्यांना कसली रजा? घरी बसा. बाळ मोठं झालं की बघू." मी रजेची मेल पाठवली. ती त्याला मिळाली नाही. पुन्हा पाठवली. तीही मिळाली नाही. नोकरी गेली, असं मी मनाशी धरून चालले.

सेतुराव मात्र चवताळले. "कॉन्ट्रॅक्ट म्हणून काय झालं? पोटातलं लेकरूही कॉन्ट्रॅक्टवर हाय की, अम्मा? सहा महिने, पगारी! कायदा तसा हाय. कळलंच नाही म्हणतो? कळवूं. जेवाय बोलवून कळवूं!"

सातव्या महिन्यात माझ्या सासूबाई डोहाळजेवणाला येणार होत्या. सेतुरावांनी त्याला इथल्या वळैकाप्पूची, म्हणजे गरोदर बाईला बांगड्या भरायच्या सोहळ्याची जोड दिली. मग सासूबाईंच्या हाती हळदकुंकू आणि विड्याची पानं देऊन ते त्यांना थेट गुणशेखरच्या घरी घेऊन गेले. आमंत्रण त्याला नव्हतं, त्याच्या बायकोला होतं. या आमंत्रणाला इथे कुणी नाही म्हणत नाही.

दोघंही आले. बायकोने मला बांगड्या भरल्या, गालांना चंदन लावलं. गुणशेखर पंगतीत चिंचभात कालवत होता. सेतुराव पायसमचं भांडं घेऊन त्याच्यासमोर उभे राहिले आणि खणखणीत तमिळमध्ये म्हणाले, "सार, आता तरी कळलं ना, हिला दिवस गेलेत?"

पंगत हसली.

"मेल मिळाली नव्हती," तो पुटपुटला.

त्याच्या बायकोने मान वळवली. "माझ्या शाळेने मला दोन्ही वेळेला रजा दिली. तुम्ही हिला देत नाही?"

त्याच्या तोंडात घास होता. तो गिळेपर्यंत सगळे थांबले.

"सहा महिने," तो म्हणाला.

"पगारी," सेतुराव म्हणाले. पळी अजून भांड्यातच होती.

"पगारी."

मग त्याच्या पानावर पायसम पडलं. सोमवारी माझ्या दोन्ही मेल त्याला सापडल्या.

त्या संध्याकाळी सेतुराव उष्टी पानं गोळा करत होते. मी सहज विचारलं, "मामा, तुम्हाला मूलबाळ?"

"एक मुलगी झाली होती. कुंभकोणमला, बायकोच्या माहेरी. मी इथं दुसऱ्यांच्या रजा लिहीत होतों. माझी मागितली नाही. उद्या जाऊं, उद्या जाऊं, करीत राहिलों." त्यांनी एक पान दुमडलं. "गेलों तेव्हां उशीर झाला होता. तिला बघितलंच नाही मी."

मला मुलगी झाल्यापासून ते रोज सकाळी खाली येत आणि पाळण्याजवळ बसत. एकदा मी म्हटलं, "मामा, झोपलीय ती. उठली की हाक मारते."

"झोपूं दे की. मी बघतों."

आता वरचं घर बंद आहे. मुलगी तीन महिन्यांची झाली. माझी तीन महिन्यांची रजा अजून उरली आहे.