पाठमोरं जहाज

बर्फाळ समुद्रातून तेल नेणाऱ्या जहाजाचं पुढचं टोक, म्हणजे नाक, कसं असावं हे ठरवण्यात अभियंत्याची तीन वर्षं गेली होती. "माझ्याकडे कधी एवढं निरखून पाहिलंत का?" असं बायको विचारायची. आज त्या नाकाची परीक्षा होती. लांबलचक हौदात रात्रभर बर्फ गोठवला होता, मधोमध पलंगाएवढं नमुन्याचं जहाज ठेवलं होतं आणि जहाजं विकत घेणारे कप्तान कानटोपी ओढून समोर उभे होते. नमुना अडकला तर काम दुसऱ्या कंपनीला, असं त्यांनी आल्याआल्याच सांगून टाकलं होतं.

थंडीने अभियंत्याच्या बोटांची पार लाकडं झाली होती. त्याने कशाबशा मोटरच्या तारा जोडल्या. सगळे नाकाशी ओणवे झाले.

"बघाच आता," अभियंत्याचे साहेब कप्तानांना म्हणाले.

बटण दाबलं. जहाज निघालं. मागे!

"अहो, हे कुठं चाललं?" कप्तान ओरडले.

"तारा... तारा उलट्या लागल्या!"

"मग बंद करा की!" साहेब किंचाळले.

"बटण गोठलंय, साहेब!"

जहाज पार्श्वभाग पुढे करून बर्फात घुसलं. मागचा पंखा बर्फाखालचं पाणी ओढत होता आणि वरचा बर्फ कडाकडा मोडून पडत होता. पलीकडे बर्फाचा उंच बांध होता. आजवर एकाही नमुन्याला तो फुटला नव्हता, म्हणून कप्तानांना तिकडे फिरकूच द्यायचं नाही, असं साहेबांनी बजावलं होतं. जहाज तोही फोडून भिंतीवर आपटलं.

साहेबांचा आ वासलेला तो वासलेलाच.

"आता सरळ चालवा," कप्तान म्हणाले.

तारा बदलल्या. जहाज मोकळ्या झालेल्या वाटेने ऐटीत परत आलं, नाकासमोरच्या शाबूत बर्फाला टेकलं आणि तिथंच रुतून बसलं.

"माझंच चुकलं. तीन वर्षं मी..." अभियंता तारा सोडवू लागला.

"थांबा हो!" कप्तान म्हणाले. "नाक वाईट नाही तुमचं. मोकळ्या पाण्यात नाक पुढे, बर्फ लागला की पाठ पुढे. घेतलं मी हे जहाज! फक्त एक अट."

"कोणती?" साहेबांनी लगबगीने विचारलं.

"माझी खुर्ची फिरती पाहिजे. या वयात मान कोण वळवणार?"

"ते तर आम्ही आधीच धरलंय," साहेब म्हणाले आणि अभियंत्याने तोंड उघडायच्या आत त्याच्या बुटावर त्यांनी आपला बूट दाबून ठेवला.