पाहुणे एक घर पुढे

कार्यक्रम आखावा तर मी! असं आमच्या वस्तीत अजून कोणी म्हटलेलं नाही, पण त्या ऑगस्टमध्ये सगळ्यांना ते मान्य करावं लागणार होतं. मी एनोक. ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आमच्या वस्तीत नगरपालिकेचं एक कार्यालय आहे, त्याचा मी प्रमुख. कारकूनही मीच आणि झाडूवालाही मीच, पण आधी प्रमुख.

झालं असं होतं, की नॉर्वे, आइसलँड आणि फिनलंड या तीन देशांनी मिळून उत्तरेकडच्या एका वस्तीला पवनचक्की आणि कपाटाएवढ्या बॅटऱ्या द्यायचं ठरवलं होतं. डिझेल बंद, धूर बंद, वारा फुकट. शाश्वत विकास! हे दोन शब्द मी आरशासमोर इतक्यांदा म्हटले होते, की माझी बायको बिबियाने म्हणाली, "आता आरसा पाठ म्हणून दाखवेल." पवनचक्की एकच होती आणि रांगेत वस्त्या तीन. शिष्टमंडळ येणार, बघणार आणि ठरवणार.

आम्हाला ती मिरवायला नको होती, बरं का. आमचा डिझेलचा जनरेटर दम्याच्या म्हाताऱ्यासारखा चालतो. तो बसला की मासळीघराचं शीतगृह बसतं. बिबियाने त्याच मासळीघरात मुकादम आहे. मालकांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, पुढच्या वर्षापर्यंत विजेचं काही झालं नाही तर कुलूप लावू. मासळीघराला कुलूप म्हणजे वस्तीला कुलूप. मग सगळ्यांनी शहरात जायचं आणि चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून दुसऱ्यांच्या बोटी बघायच्या. या विचाराने मला झोप लागत नव्हती, आणि मला एरवी कुठेही झोप लागते.

म्हणून मी जय्यत तयारी केली. अकरा वाजता हॉलमध्ये सभा. आधी माझं भाषण, मग पडद्यावर चित्रं, मग पुन्हा माझं भाषण. चार देशांचे झेंडे इस्त्री करून भिंतीवर लावले. बाहेरच्या खांबावरही एक लावणार होतो, पण खांबाची दोरी कुत्र्यांनी खाऊन टाकली होती. आमच्याकडची स्लेजची कुत्री उन्हाळ्यात रिकामी असतात आणि जे दिसेल ते खातात. म्हटलं, जाऊ दे, आत चार आहेत, बाहेरचा एक नसला तर काय बिघडतं?

शिष्टमंडळाच्या प्रमुख गुनवोर बाई नॉर्वेच्या. त्यांना मी फोनवर सांगितलं होतं, "वस्ती लहान आहे, चुकायचा प्रश्नच नाही. झेंडा दिसेल तिथे सरळ आत या!"

आता यातली गोम सांगतो. ज्या घरात काही शुभकार्य असेल त्या घरावर आमच्याकडे झेंडा चढतो आणि दिवसभर काफेमिक चालतं. म्हणजे दार उघडं, कॉफी चालू, टेबलावर केकच केक. येणारा कोण, कशाला आला, हे विचारायचं नाही. विचारणं म्हणजे पाहुण्याच्या तोंडावर दार लावण्यासारखं. पाहुण्याने बूट दाराशी काढायचे, सगळ्यांचे हात हातात घ्यायचे, पोटभर खायचं, आणि नवी माणसं आली की मुकाट्याने उठून त्यांना जागा द्यायची. त्या दिवशी माझ्या सासूबाईंचा, सेवरिनेबाईंचा, सत्तरावा वाढदिवस होता. शिवाय शाळेचा पहिला दिवस, त्यामुळे पहिलीत जाणाऱ्या दोन पोरांच्या घरीही काफेमिक. मी आदल्या दिवशी घरोघरी बजावून आलो होतो, "आधी हॉल, मग कॉफी!" सगळ्यांनी भुवया उडवल्या. भुवया उडवणं म्हणजे आमच्याकडे होकार. फक्त तो "येतो"वाला होकार होता की "ऐकलं"वाला, हे मी विचारलं नाही.

सकाळी मी हॉलमध्ये गेलो. पाहुण्यांना थंडी वाजू नये म्हणून विजेच्या सगळ्या शेगड्या लावल्या. कॉफीचं मोठं भांडं लावलं. चित्रं दाखवायचं यंत्र लावलं, त्याच्या घरघरीत बाहेरचं काही ऐकू येईना. सभेत व्यत्यय नको म्हणून फोन बंद करून ठेवला. नवे काळे बूट खराब होऊ नयेत म्हणून व्यासपीठावर ठेवले आणि पायांत घरच्या सपाता घातल्या. मग ध्वनिक्षेपक लावला, आणि खट्ट! सगळं बंद. खिडकी उघडून कान दिला तर जनरेटरचा आवाजही थांबलेला. 'बसला वाटतं म्हातारा,' असं म्हणून मी ध्वनिक्षेपकाशिवायच भाषणाची उजळणी केली. बऱ्याच वेळाने वीज आली. अकरा वाजले. हॉलमध्ये मी आणि चार झेंडे.

तेवढ्यात ओट्टो डोकावला. हेलिकॉप्टरचा तळ तोच सांभाळतो आणि जनरेटरही तोच.

"एनोक, इथून फार वीज ओढली का रे कोणी?"

मी नाक आक्रसलं. म्हणजे नाही. "ओट्टो, हेलिकॉप्टर कधी येतंय?"

"येऊन गेलं की! धुकं येणार म्हणून लवकर आलं. तुझा फोन बंद."

"आणि पाहुणे?"

"झेंडा कुठाय म्हणून विचारत होते. मी झेंडा दाखवला."

"कुठला झेंडा?"

"तुझ्या सासूचा!"

मी सपातांसकट पळत सुटलो. वाटेत चिखल, त्यात मासळीचं पाणी, त्यात कुत्री. सासूबाईंच्या घरात शिरलो तेव्हा सपातांचं पोतेरं झालं होतं. आत सासूबाई एकट्याच, सणाचे मण्यांचे कपडे घालून, केकच्या गराड्यात बसलेल्या.

"सासूबाई, पाहुणे कुठायत?"

"आधी हात दे."

दिला. "अभिनंदन! पाहुणे कुठायत?"

"बस. खा."

"मला घाई आहे हो!"

"सत्तर वर्षं जगले ती जावयाने उभ्याउभ्या निघून जावं म्हणून?"

बसलो. बेदाण्यांचा पाव, मलईचा केक, वर वाळवलेला हॅलिबट मासा. मी कोंबत गेलो आणि सासूबाई सांगत गेल्या. "गुणी माणसं हो! त्या बाईने मला भेट म्हणून रंगीत पुस्तक दिलं, त्यात पंख्यांची चित्रं आहेत. मी मिठीच मारली तिला. मग वीज गेली. बिबियाने ओरडली, 'मासळी!' आणि सगळे धावले. ते तिघेही धावले. दाराशी जे बूट सापडले ते घालून धावले बघ!"

"मासळीघरात? पाहुणे?"

"मग काय! खाडीतून बर्फाचे तुकडे वाहिले पेट्यांत भरून. तो आइसलँडचा धिप्पाड माणूस दोन पेट्या उचलत होता म्हणे. अख्खी मासळी वाचली."

पाहुण्यांना आम्ही हमालीला लावलं होतं! "मग ते इथे परत का आले नाहीत?"

"एकदा उठलेला पाहुणा पुन्हा बसतो का? हेंड्रिककडे गेले. शहाणी माणसं, न सांगता कळलं त्यांना. आणि तू त्या चिंध्या पायात घालून जाऊ नकोस. दाराशी ते केशरी बूट राहिलेत, ते घाल."

"कोणाचे आहेत?"

"असतील कोणाचे तरी. घाल!"

बूट माझ्या पायांत होडीसारखे हलत होते. तसाच फटक फटक करत हेंड्रिककडे गेलो. हेंड्रिक आमचा सगळ्यात चांगला मासेमार, पण बोलायला लागला की जाळं टाकून बसतो.

"पाहुणे?"

"आत्ताच करोलिनेबाईंकडे गेले, तिथेही पोर पहिलीत गेलंय ना! ये, बस. पोरगी शाळेत गेली आमची!"

पोरीचे हात हातात घेतले. तिच्या डोक्यावर पवनचक्कीचं चित्र असलेली टोपी होती, म्हणजे भेटी इथेही वाटल्या होत्या. हेंड्रिकच्या बायकोने ताटली भरली. देवमाशाची कातडी, त्यावर चॉकलेटचा केक. नाही म्हटलं तर मुलीच्या शिक्षणाला अपशकुन!

"काय काय विचारत होते रे?" मी चावता चावता विचारलं.

"काही नाही, गप्पा. तुझी बिबियाने त्यांचं आम्हाला सांगत होती, आमचं त्यांना. वीज किती वेळा जाते, मासळी किती वाया जाते, पंखा लावला तर कोणाला चालेल. मी म्हटलं, टेकडीवर लावा, तिथे वाऱ्याने माझी टोपी कायम उडते. तो फिनलंडचा वाइको काहीच बोलत नाही, नुसता खातो. पण बिचाऱ्या आइसलँडवाल्याचे बूट कोणीतरी ढापले रे! आमच्या आत्याचे बूट घालून हिंडतोय, टाचा बाहेर. फार लाज वाटली मला. बाहेर जाऊन काय सांगेल, या वस्तीत पाहुण्यांचे बूट चोरतात?"

"कसे होते बूट?" मी विचारलं, पण मला ते आधीच कळलं होतं.

"केशरी."

मी उठलो. हेंड्रिकची बायको म्हणाली, "अहो, हा तुकडा राहिला!" आणि तो तिने माझ्या तोंडातच घातला. मी ते बूट पायांत न घालता हातात घेतले आणि मोज्यांवर करोलिनेबाईंच्या घराकडे निघालो. बेत सोपा होता. हळूच दाराशी बूट ठेवायचे, बाहेर यायचं, टाय सरळ करायचा आणि मग प्रमुखासारखं आत जायचं.

पायरीवर वाकलो आणि दार आतून उघडलं.

समोर गुनवोर बाई. त्यांच्यामागे थोर्गेर, तो आइसलँडचा धिप्पाड इंजिनीयर, आत्याच्या बुटांत. त्यांच्यामागे वाइको, हातात कॉफीचा कप. आणि मी पायरीवर ओणवा, मोजे चिखलात, टायवर मलई, दोन्ही हातांत केशरी बूट आणि तोंडात चॉकलेटचा केक.

"माझे बूट!" थोर्गेर म्हणाला.

मी म्हणालो, "म्फ्म."

गुनवोर बाई आत वळून बिबियानेला म्हणाल्या, "हा तोच माणूस ना? मघाशी खिडकीतून दिसला होता. ज्या घरातून आम्ही निघतो तिथे हा शिरतो!"

तेवढ्यात मागून सासूबाई आल्या, करोलिनेबाईंचं काफेमिक गाठायला. त्यांनी सगळा प्रकार एका नजरेत पाहिला. "त्यांना सांग गं बिबियाने, हा माझा जावई. मनाने चांगला आहे. केक दिसला की त्याला काही सुधरत नाही एवढंच."

बिबियाने बाहेर आली. मी तिच्याकडे अशा नजरेने बघितलं की दगडाला पाझर फुटावा. तिने ते वाक्य गुनवोर बाईंना जसंच्या तसं सांगितलं.

"अगं, निदान तू तरी!" मी घास गिळून कुजबुजलो. "मला सकाळी बोलवायचं नाही का?"

"फोन बंद कोणी ठेवला? आणि मला वाटलं, तूच पाठवलंस त्यांना घरी. म्हटलं, नवऱ्याला पहिल्यांदा अक्कल सुचली."

मी छाती पुढे काढून "मी एनोक" म्हणणार, एवढ्यात हेलिकॉप्टर आलं. धुकं खाडीच्या तोंडाशी येऊन बसलं होतं, वैमानिकाला घाई होती. सगळी वस्ती तळाकडे निघाली. त्या घरघराटात मी दोनदा माझं नाव ओरडलो. थोर्गेरने हसून मान डोलावली आणि स्वतःचे बूट घट्ट बांधले.

तळावर गुनवोर बाईंनी सासूबाईंचे दोन्ही हात धरले. एक वाक्य त्या बोलायच्या आणि बिबियाने ते मोठ्याने सांगायची. "आम्ही आणखी दोन वस्त्या पाहिल्या. तिथे आम्हाला खुर्चीवर बसवून भाषणं ऐकवली. तुम्ही आम्हाला घरात घेतलं. तुमची वीज जाते तेव्हा काय होतं, ते आम्ही आमच्या हातांनी उचलून पाहिलं. तिघांचंही एकमत झालंय. पवनचक्की तुमची!"

हेंड्रिकने टोपी उडवली, कुत्री भुंकली, आणि बिबियाने, जी बापाच्या अंत्यविधीतही ताठ उभी होती, ती हमसून हमसून रडायला लागली. मीही रडलो. उगाच लपवू कशाला, फार बरं वाटलं. वाइको पुढे आला, सासूबाईंना म्हणाला, "केक बरा होता." दिवसभरात तो एवढंच बोलला असेल.

हेलिकॉप्टरच्या पायरीवर गुनवोर बाई थांबल्या. "आणि त्या एनोक साहेबांना आमचा नमस्कार सांगा! इतकं नेमकं नियोजन आम्ही कुठे पाहिलं नाही. प्रत्येक घरात योग्य वेळी पोचवलं, योग्य वेळी उठवलं, विजेचंही प्रत्यक्ष दाखवलं, आणि स्वतः एकदाही पुढे आले नाहीत. किती विनम्र माणूस!"

सगळ्या वस्तीने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं. ओट्टोने मला कोपराने ढोसलं, "बोल की आता!"

आता तुम्हीच सांगा, काय बोलणार? मी हळूच हेंड्रिकच्या मागे सरकलो आणि इतरांबरोबर हात हलवला.

पवनचक्की टेकडीवर उभी आहे आणि मासळीघर जोरात चालू आहे. मध्यंतरी नॉर्वेहून आमंत्रण आलं, ट्रॉम्सोच्या परिषदेत एनोक साहेबांनी नियोजनावर भाषण द्यावं. भाषण तर तयारच होतं, आधी कुठे दिलंच नव्हतं! पण परिषदेच्या अध्यक्षा गुनवोर बाई, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर थोर्गेर. केक कोंबलेला, बूट हातात धरलेला माणूस दोघांनीही बघताक्षणी ओळखला असता. मी कळवलं, जमणार नाही. त्यांचं उत्तर आलं, "अशा विनम्रतेपुढे आम्ही नतमस्तक आहोत," आणि पुढच्या वर्षी त्याहून मोठ्या परिषदेचं आमंत्रण. त्यालाही नकार दिला. आता ऐकतो, की तिकडे माझ्या विनम्रतेवरच कोणीतरी भाषण देणार आहे.

सासूबाई मात्र वस्तीभर सांगत फिरतात, "तिकडे केक नसेल, म्हणून जात नाही तो." मी नाक आक्रसतो, पण कोणी बघत नाही.