हौसाक्काचं तोंड

हौसाक्का माणसाला तोंडावरून ओळखत नाही, मापावरून ओळखते. शिवाजी पेठेतल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज गेली पस्तीस वर्षं ती शिवते आहे. कुणाची चौकशी करायची झाली की ती विचारते, "ती चौतीस मापाची, डावा खांदा उतरलेली, तिचा गुडघा बरा हाय का?" आपण नाव सांगावं तर म्हणते, "नाव असंल कायबी."

मी तिच्या समोरच्या घरात राहतो. कचेरीतून निवृत्त झालो त्याच आठवड्यात तिनं मला दारात गाठलं. "भाऊजी, पोट दोन इंच फुडं आलंय. नुसतं बसून ऱ्हाऊ नका." म्हणून मी गल्लीतल्या चित्रकलेच्या वर्गाला नाव घातलं. तिथंही बसूनच असतात हे तिला कळलं तेव्हा ती बघायला म्हणून आली आणि पुढच्या शनिवारी फी भरून माझ्या शेजारी बसली. गळ्यात टेप होतीच.

वर्ग घेणाऱ्या सायली मॅडम वयानं आमच्या मुलीसारख्या. त्यांनी समोर माठ ठेवला. आम्ही पेन्सिली काढल्या, हौसाक्का उठली आणि तिनं माठाचा घेर मोजला.

"आक्का, नुसतं डोळ्यांनी बघायचं," मॅडम म्हणाल्या.

"डोळ्यानं बघून कापड कापलं असतं तर पेठंत कुणी उभं केलं नसतं मला."

मात्र तिचा माठ माठासारखा आला. माझा पपईवर गेला होता.

महिन्याभरानं मॅडमनी घरचा अभ्यास दिला. स्वतःचं चित्र काढायचं, पण आरशातलं नको, कल्पनेतलं. मी स्वतःला डोंगरावर घिरट्या घालणारी घार केलं. कोंबडी छान आहे, असं तिघांनी सांगितलं. हौसाक्कानं एक तरुण बाई काढली होती. भरघोस केस, ठसठशीत कुंकू, तोंडावर एक सुरकुती नाही. चेहरा मात्र तिचाच.

मी म्हटलं, "आक्का, वय बरंच चोरलंत."

"बावीस धरलंय. बरोबर बावीस," ती म्हणाली. "अजून पुरं न्हाय झालं. मॅडम, मला एक शनवार वाढवून द्या."

मंगळवारी सकाळी ती दारात उभी. "भाऊजी, चंदगडला मावशीकडं जायाचं हाय. यष्टीत कागद चुरगळंल. तुम्ही नुसता धरून बसा." माझ्याकडं दुसरं काम नव्हतं. मी कागदाची गुंडाळी धरून बसलो.

मावशी पंच्याहत्तरीच्या पुढची, पण नजर चांगली. चहा झाल्यावर हौसाक्कानं कागद तिच्या पुढ्यात उलगडला. मावशीनं चित्रावर बोट ठेवलं.

"नाक चुकलंय," ती म्हणाली. "हे तुझ्या बाचं नाक. ताईचं बसकं होतं."

तेव्हा मला उलगडा झाला. हौसाक्का दीड वर्षाची असताना तिची आई तापानं गेली, बावीस वर्षांची. फोटो एकही नाही. तू आईवर गेलीयस, एवढंच तिला लहानपणापासून सगळे सांगत आले. सांगणारे एकेक करून गेले. आईला बघितलेली एवढी एक मावशी उरली होती.

हौसाक्कानं पिशवीतून खोडरबर काढला आणि स्वतःचं नाक पुसलं. मग मावशी सांगत गेली आणि ती काढत गेली. "अजून बसकं. भुवया जाड. हनवटी बारीक कर, तुझी रुंद हाय." दुपार सरेपर्यंत कागदावरची हौसाक्का बरीचशी पुसली गेली. टेप तिनं एकदाही हातात घेतली नाही.

शेवटी मावशी म्हणाली, "बास. आता वरडंल बघ ताई मला." आणि तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

परत येताना हौसाक्कानं गुंडाळी माझ्याकडं दिली नाही. कोल्हापूर येईपर्यंत ती तिनं स्वतःच मांडीवर आडवी धरली होती.

शनिवारी चित्र मॅडमच्या हातात गेलं. त्यांनी ते लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं.

"आक्का, चित्र फार सुंदर झालंय. पण स्वतःचं काढायचं होतं ना? यात तुम्ही कुठं आहात?"

"मी व्हय?" हौसाक्का म्हणाली. "मी दीड वर्साची हाय. आत पाळण्यात निजलोय."