शोकेसमधली मुंबई

"कागद नको, जिलेटिन नको, चमकी नको. मग शोकेसमध्ये ठेवणार काय? तुझं डोकं?" शामरावांनी विचारलं.

"माती," दत्ताराम म्हणाला.

लालबागच्या नाक्यावर शामरावांचं कापडाचं दुकान होतं आणि दत्ताराम त्या दुकानात बारा वर्षं मागच्या खोलीत मांजरपाट मोजत होता. पुढची काचेची शोकेस आपल्या हाती यावी, एवढंच त्याचं स्वप्न होतं. पण ती सजवायला दर सणाला बाहेरून पेंटर यायचा. गेल्या दिवाळीत त्या पेंटरनं क्रेप कागदाचा भलाथोरला मोर उभा केला. काचेच्या आत दमट हवा धरली, मोराचा निळा रंग ओघळला आणि खाली मांडलेल्या सहा पांढऱ्या पातळांवर मोर कायमचा नाचत राहिला. तेव्हापासून कागद हा शब्द निघाला तरी शामराव कपाळावरून हात फिरवायचे.

"घटाला आपण धान्य पेरतो ना, तसंच," दत्ताराम सांगू लागला. "खाली गोणपाट, वर माती, कडेला नारळाचा काथ्या. महाराष्ट्राचा नकाशा काढायचा आणि त्यात धान्य पेरायचं. आज पेरलं की एक मेला अख्खं राज्य हिरवंगार. लालबागेत काय, मुंबईत कुणी केलं नसेल."

शामराव विचारात पडले. त्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वीच्या हरताळात सगळं लालबाग कडकडीत बंद असताना शामरावांनी एका लग्नघरच्या गिऱ्हाइकासाठी दुकानाची एक फळी अर्धी उघडी ठेवली होती. माणूस काही वाईट नव्हता, जरा भित्रा होता आणि शालू महागाचा होता. पण ती अर्धी फळी लोक विसरले नव्हते. आता मुंबईसह राज्य होणार, घराघरांवर तोरणं लागणार; अशा वेळी आपली शोकेस सगळ्यांहून सरस दिसली, तर ती फळी एकदाची मिटेल, असं त्यांना वाटलं.

"कर. जमलं तर शोकेस कायमची तुझी," ते म्हणाले. "नाही जमलं, तर मांजरपाट आहेच, रिटायर होईपर्यंत."

दत्तारामनं तुळशीसाठी गावाहून आणलेली तांबडी माती घरून उचलली. चंपा, म्हणजे त्याची बायको, बघतच राहिली. जरा उताराच्या फळीवर त्यानं नकाशा घातला. विदर्भ-मराठवाड्यात ज्वारी, खानदेशात गहू, देशावर मटकी, कोकणात भात. बेळगाव-कारवारही तो विसरला नाही. तिथं हळूच तीळ टाकले, उगवले तर आपले. मुंबई नकाशात बोराएवढी दिसली असती, म्हणून तिला त्यानं पुरणपोळीएवढी जागा दिली आणि तिच्यात मूग पेरले. मूग सगळ्यांत आधी वर येतात, म्हणजे मुंबई सगळ्यांच्या पुढं. मग काचेला आतून पडदा लावला, दुकानाच्या बाजूला गोणपाट सोडलं आणि कुणी आत डोकवायचं नाही, अशी पाटी लिहिली.

या पाटीनं घात केला. तोवर कुणाच्या मनातही डोकावण्याचा विचार आला नव्हता.

दुकानासमोर फुटपाथवर भाजी विकणारी गंगुबाई रोज माठातलं पाणी प्यायला दुकानात यायची, ती आता दिवसातून चारदा तहानू लागली. "काय हाय रं आत? बाहुली बसीवली का?"

"एक तारखेला बघ, मावशी."

नायगावच्या बीडीडी चाळीतला भिवा पहिली पाळी संपली की येऊ लागला. गिरणीच्या रिंग खात्यातला माणूस. सत्याग्रहात दोन महिने आत जाऊन आलेला. त्याचा शब्द नाक्यावर चालायचा. रोज रुमाल बघायचा, रोज म्हणायचा, "रंग पसंत नाय," आणि डोळा गोणपाटावर. चंपा डबा घेऊन येई, ती डबा रिकामा होईपर्यंत थांबे. आणि गोणपाटाला जी एकुलती एक फट होती, ती नेमकी मुंबईच्या बाजूला होती.

चौथ्या दिवशी दत्तारामनं आत पाहिलं, तर विदर्भ तरारला होता. खानदेशात गव्हाची पाती, कोकणात भाताचे बारीक कोंब. बेळगावातसुद्धा तीळ डोकं काढत होते. मुंबईत मात्र नुसती माती.

"असं कसं?" तो घरी येऊन म्हणाला. "सगळ्यांत आधी यायला पाहिजे ते मूग गेले कुठं?"

"तुमी रोज उकरून बघतास काय?" चंपानं विचारलं.

"रोज नाही. दुसऱ्या दिवशी जरासं बघितलं. आणि तिसऱ्या."

"बियाक निजूक दिया वो! अशान काय उगवतला?"

दत्तारामनं पुन्हा मूग पेरले आणि या खेपेला हात लावायचा नाही, अशी शपथ घेतली. ती त्यानं पाळलीसुद्धा. पण सहाव्या दिवशी मुंबईत माती, सातव्या दिवशी माती. उलट माती रोज जरा हललेली आणि नको तितकी ओली दिसायची. उंदीर असेल म्हणून त्यानं सापळा लावला, त्यात शामरावांचं बोट सापडलं. "गोणपाट नीट करत होतो," ते फुंकर घालत म्हणाले. दत्ताराम चिंतेनं इतका पोखरला होता, की गोणपाट मुळात वाकडं कुठं होतं, हे त्यानं विचारलंच नाही.

आठव्या दिवशी शामरावांनीच विषय काढला. "दत्ताराम, मुंबई नसलेला महाराष्ट्र माझ्या दुकानात? अरे, अर्ध्या फळीसाठी चार वर्षं टोमणे खातोय. हे बघून लोक काय म्हणतील? मुंबई मी दिली म्हणतील, कोणाला तरी!"

"दोन दिवस आहेत, शेठ. येईल."

मुंबई आली नाही. एक मेचा रविवार उजाडला. नाक्यावर आंब्याची तोरणं, सनई, पेढे. पडद्यामागं काय आहे याची दहा दिवस वाट पाहिलेलं सगळं लालबाग शोकेसपुढं जमलं होतं. पडदा उघडावा तर पंचाईत, न उघडावा तर काच फुटायची भीती. दत्तारामनं डोळे मिटून दोरी ओढली.

आधी "वा!" झालं. खरोखरच देखणं होतं ते. मातीतून उगवलेला, काथ्यानं रेखलेला हिरवा महाराष्ट्र. मग पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "मुंबई कुठाय?"

सनई थांबली. दोनशे माणसं त्या पुरणपोळीएवढ्या टकलाकडं बघू लागली. मागून एकजण ओरडला, "अर्ध्या फळीवाल्यांनी मुंबई खाल्ली!" शामराव दुकानाच्या पायरीवर बसले. त्यांचा तो चेहरा बघून दत्तारामला मांजरपाटाचा विसर पडला.

"शेठचा काही दोष नाही," तो मोठ्यानं म्हणाला. "मुंबईत मूग मीच पेरले आणि मीच उकरले. राहवलं नाही. कोंब आला का बघायला गेलो आणि घालवलं."

गंगुबाईनं पदर सावरला. "त्याला एकट्याला नका बोलू. म्या बी उकरलं. मोकळी जागा बघवंना, म्हनून दोन चिमटी मेथी टाकली. मेथी काय, दगडावर बी येती."

"मिया पण," चंपा खाली बघत पुटपुटली. "गावच्या भाताचे चार दाणे टाकलंय."

दत्ताराम बायकोकडं बघत राहिला. आता सगळे भिवाकडं बघू लागले, कारण भिवा घसा खाकरत होता.

"बाजरी," भिवा म्हणाला. "दोनदा. पहिली आली नाय म्हणून वरची माती काढून दुसरी टाकली. पाणी पण घातलं. रोज."

"पाणी तर म्या घालत व्हते!"

"आणि मिया!" चंपा म्हणाली.

आधी एकजण हसला, मग सगळा नाका हसला. ज्यानं त्यानं मुंबईत आपलं पेरायला आदल्याचं उपटलं होतं आणि वर घागरभर पाणी ओतलं होतं. उगवणार काय, कप्पाळ!

"आता ऐका," भिवा वळून म्हणाला. "आजपासून हिला कोणी हात लावायचा नाय. मी पण नाय. बघूया काय येतंय."

पुढचे दिवस लालबागेत विचारपूस एवढीच होती: "आली का?" पाळीवर जाणारे काचेशी थांबायचे, पाळीवरून येणारे थांबायचे. थांबलेले आत यायचे, आणि आत आलेला माणूस रिकाम्या हातानं कसा जाणार? पाचव्या दिवशी मुंबई फुटली. मेथी आली, बाजरी आली, भात आला, उरलेसुरले मूगही आले, सगळे एकमेकांच्या अंगावर, श्वास घ्यायला जागा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आठवड्यानं त्या दाटीतून दोन जाड, केसाळ पानं वर आली.

"भोपळा!" गंगुबाई म्हणाली. "ह्यो कुनी टाकला?"

कुणीच कबूल होईना. पंधरा दिवसांत बाकीचं पिवळं पडू लागलं, पण भोपळ्याची वेल ठाणं ओलांडून नाशकाकडं निघाली. नागपूरला पोचून शोकेसमधल्या नऊवारीला धरायच्या आत ती छाटायची, म्हणून दत्ताराम एके सकाळी कात्री घेऊन लवकर आला. दुकानाची एक फळी अर्धी उघडी होती.

आत शामराव गोणपाट वर करून, दोऱ्यानं वेल खिळ्याला बांधत होते. दत्तारामला बघून ते दचकले आणि मग तसेच उभे राहिले.

"भोपळाच का, शेठ?" दत्तारामनं हळूच विचारलं.

"सगळे काही ना काही टाकून जात होते. मी बघत होतो फटीतून. म्हटलं, या वेळी तरी आपण मागं राहायला नको. घरात ही भोपळा चिरत होती, बी खिशात घातलं." त्यांनी गाठ नीट ओढली. "भिवाला सांगू नकोस."

"भिवानंच काल ओळखलं. म्हणाला, ज्याचं बोट सापळ्यात अडकलं, त्याचाच हा भोपळा."

शामराव ओशाळून हसले. मग त्यांनी दत्तारामच्या हातातली कात्री काढून घेतली आणि शोकेसची किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"गणपतीची शोकेसही तूच कर," ते म्हणाले. "फक्त पाटी लावू नकोस."