सैनिकाच्या आईची मानाची खुर्ची

चीनचं युद्ध संपून वर्ष झालं होतं. बीबी गावच्या बाजारातल्या तंबूत सैनिकांचा एक जुना चित्रपट लागला आणि त्याकडे कुत्रंही फिरकेना. त्यात नाच नव्हता. शिपाई बर्फात चालत होते, उपाशी राहत होते, मरत होते. तंबूवाल्या कचरूने तो काढायचं ठरवलं.

तेव्हा गीताबाई आल्या. त्यांचा मुलगा निवृत्ती सरहद्दीवर होता.

"एक डाव लाव रे बाप्पा. बर्फात पोरायच्या पायात काय राह्यते, तेवढंच पाहाचं हाय मले."

ही गोष्ट सभापती हिंमतरावांच्या कानावर गेली. चांगलं काम बिघडायला तेवढं पुरतं. त्यांनी ताबडतोब 'उपेक्षित चित्रपट गौरव समिती' नेमली. समितीत चित्रपट पाहिलेला एकही सदस्य नसल्यामुळे तो थोर असल्याचा ठराव एकमताने झाला. सैनिकाच्या मातेस व्यासपीठावर मानाची खुर्ची मंजूर झाली.

व्यासपीठ पडद्यापुढेच घातलं. मान्यवरांची तोंडं लोकांकडे, पाठ पडद्याकडे. नारळ झाला, शाल झाली, भाषणं झाली. फुकट खेळ म्हणून आपल्यासकट सारं गाव आलं होतं; टाळ्याही फुकटच्याच होत्या.

मग इंजिन धडधडलं, चित्रपट सुरू झाला. पण खुर्ची आधी कोणी सोडायची? जो उठेल त्याचा मान गेला. कोणीच उठलं नाही. हिंमतरावांच्या टोपीची सावली पडद्याच्या मधोमध पडली. शत्रूच्या सगळ्या गोळ्या तिच्यावरच येत होत्या. पलटण मागे हटली. टोपी हटली नाही.

गीताबाईंनी हळूच खुर्ची फिरवली. ग्रामसेवक रंगराव धावत आले.

"काऊन फिरवता हो बाई? सभेले पाठ दाखोता?"

"मंग पोरायले दाखवू काय?"

"सत्कार घेतला ना? आता रीत पाळा!"

खुर्ची पूर्ववत करण्यात आली. बाई शेवटपर्यंत तशाच बसल्या.

दुसऱ्या दिवशी चावडीसमोर हिंमतरावांनी चारचौघांत विचारलं, "मग गीताबाई, कसा वाटला सिनेमा?"

"मले काय ठाव, भाऊ? मी तं लोकायलेच पाहून राह्यली होती. पोरं मरून राह्यली तवा कोन घोरत होतं, कोन शेंगा फोडत होतं, कोन उठून घरी गेलं... समदं पाह्यलं."

तेव्हापासून बाजारात गीताबाई समोरून आल्या, की आपण दुसऱ्या गल्लीनं जातो.