दहा बोंडं आणि चाळीस नवे विद्यार्थी

मुबीना मॅडमची चूक झाली ती एका अंगठ्याची. ‘आमची कपाशी’ हा सहावीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि ‘आपली कपाशी’ हा गावातल्या शेतकऱ्यांचा. दोन्हींवर फोटो बोंडाचाच. संध्याकाळी घाईघाईत त्यांनी आवाज रेकॉर्ड करून पाठवला, “उद्या दहा वाजता सगळ्यांनी दहा-दहा हिरवी बोंडं आणि घरचा मोबाइल आणायचा. नखं कापून यायचं. जो येणार नाही, त्याला दिवसभर वर्गाबाहेर उभं करीन!”

घाईलाही कारण होतं. मॅडम पोरांना मोबाइलचा नाद लावतात, अशी कोणीतरी तक्रार केली होती आणि केंद्रप्रमुख नारायणराव दुसऱ्याच दिवशी चौकशीला येणार होते. त्यांनी नाही म्हटलं, की मोबाइलवरचे धडे कायमचे बंद.

सकाळी दहाला पोरं वर्गात बसली, तोच फाटकातून गावातले म्हातारे शेतकरी पंजाबराव आत शिरले. मागे चाळीसेक शेतकरी, कोणाच्या पिशवीत बोंडं, कोणाच्या दुपट्ट्यात.

“पंजाबराव, तुम्ही?”

“तुमीच बलावलं नं, मॅडम! हे पाहा, नखं कापली. लहानपणी लय उभा राह्यलो या शाळेच्या बाहेर. आता गुडघे ऐकत नाहीत.”

मॅडमनी फोन उघडून पाहिला आणि जीभ चावली. तेवढ्यात नारायणरावांची गाडी थांबली.

“मॅडम, ही ग्रामसभा आहे काय?”

मॅडमनी पदर खोचला. “वर्गच आहे, सर. आज पट जरा वाढलाय.”

एकेका पोराजवळ दोन-दोन शेतकरी बसले. सहावीतल्या कोकिळानं शेजारी बसलेल्या सोजराबाईंची दहाही बोंडं चिरली आणि शेवटच्या, टवटवीत बोंडावर मोबाइलचा कॅमेरा धरला. पडद्यावर बोटाएवढी गुलाबी अळी वळवळली.

“अगं माय! बियाणं देतानी तर सांगतलं होतं, याच्यावर अळी येतच नाही!”

“येते, आजी. दहात एक सापडली, म्हंजे आताच कामाले लागाचं. डोमकळ्या, त्या अळीनं उमलू न देलेल्या कळ्या, तोडून जाळा, पतंगाचे सापळे लावा. आमी फोटो काढून महिनाभर पाहून राह्यलो.”

फळ्यावर एकेका वावराचा आकडा चढू लागला. साऱ्या शिवारात अळी नेमकी कुठवर आली, हे गावाला पहिल्यांदाच एका ठिकाणी दिसत होतं. कोणी सुपारीसुद्धा कातरत नव्हतं.

नारायणराव मात्र उठून गाडीकडे गेले. संपलं, मॅडमना वाटलं. ते परतले तेव्हा हातात पिशवी होती.

“पोरी, हे बी पाह्यतं काय? वडनेरले माही पाच एकर कपाशी हाये. नांदुऱ्याच्या दुकानदाराले दाखवाले नेऊन राह्यलो होतो.”

साहेबांची भाषा अशी वावरात उतरलेली मॅडमनी कधी ऐकली नव्हती. कोकिळानं दहाही बोंडं चिरली.

“सर, दहात चार! तुमाले आजच वावरात जा लागते.”

“आजच?”

“हाव. चौकशी मागून करा.”

नारायणरावांनी उभ्याउभ्याच भेटपुस्तिकेत शेरा लिहिला आणि गाडी वडनेरकडे पिटाळली. मॅडमनी तो मोठ्यानं वाचून दाखवला, “मोबाइलचा वापर अत्यंत समाधानकारक. पीक निघेपर्यंत या वर्गास दर आठवड्याला भेट देणे आवश्यक.”

चाळीस शेतकऱ्यांनी असा टाळ्यांचा कडकडाट केला, की सुट्टी झाली समजून शेजारच्या वर्गातली पहिली-दुसरीची पोरं घरी पळाली.